तांबडी मिशी, तांबडं जावळ

शहागंजातल्या माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक यायचं. त्याचे केस इतक्या जोमानं वाढायचे, की मी उजव्या कानापासून सुरुवात करून डाव्या कानाला पोहोचेपर्यंत उजवीकडचं पुन्हा कटिंगला आलेलं असायचं. शेवटी मी त्याला महिन्याचा पास काढून दिला. खोटं वाटत असेल तर आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे.

चाळीसेक वर्षं मी लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरून उभा राहिलो. आता हात जरा थरथरतो, म्हणून दुकान पुतण्या बघतो. त्यानं गोल फिरणाऱ्या खुर्च्या आणल्या, भिंतीवर नटांचे फोटो लावले. मी दाराजवळच्या बाकावर बसतो आणि आल्यागेल्याच्या डोक्याकडं बघतो. लोक माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात, मी भोवरा लक्षात ठेवतो. गर्दीत पाठमोरा माणूस दिसला तर मी नावानं हाक मारतो, आणि तो वळला की मग कळतं की हा गेल्या वर्षी आपल्याला टाळून दुसऱ्या दुकानात गेला होता.

आमच्या वडिलांनी मला धंद्यातल्या दोनच गोष्टी शिकवल्या. पहिली रंगाची. ट्यूबलाइट खोटं बोलते. केसाचा खरा रंग बघायचा तर गिऱ्हाईकाला खुर्चीतून उठवायचं, उंबऱ्यावर न्यायचं आणि तोंड उन्हाकडं करायचं. शहागंजात तर लाल रंगाचे एवढे प्रकार, की रंगपेटीवाल्यानं येऊन शिकावं. मेंदीची दाढी नारिंगी पडते आणि पावसाळ्यात तिला वास येतो. स्वस्तातला कलप उतरायला लागला की केस वांग्याच्या रंगाचे होतात. उन्हात राबणाऱ्याचे केस टोकाला भाजतात, मुळाशी काळेच राहतात. डोळे बांधून मला बसवा, नुसत्या वासावर मी मेंदी कुठल्या गल्लीतली ते सांगेन. सांगायचो, निदान. माझं तोंड कुणी धरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट : खुर्चीवरचं खुर्चीवर. खुर्चीत बसलेला माणूस डोळे मिटतो आणि बोलायला लागतो. कुणाच्या डोक्यावर टोप आहे, कुणाच्या मानेवर गाठ आली आहे, कुणाची सोयरीक मोडली आहे, हे सगळं न्हाव्याला बायकोच्या आधी कळतं. ते उंबऱ्याबाहेर जायचं नाही. या नियमाचा मला फार गर्व होता. पुढं जे सांगणार आहे ते त्या गर्वाचंच आहे.

रावसाहेब पहिल्यांदा आला तेव्हा तोंडाला रुमाल बांधून आला. पाचोडच्या बाजूच्या एका वस्तीवरचा. घर मेंढरं राखणारं, पण बाप लहानपणीच गेलेला. मेंढरं चुलतभावाकडं गेली आणि हा माल वाहायचा छोटा टेम्पो चालवून आईला सांभाळायचा. अंगानं असा, की खुर्चीत बसला तेव्हा खुर्चीनंच हुंकार दिला.

"दात दुखतो का?" मी विचारलं.

"आईला तसंच सांगितलंय," तो म्हणाला. "अण्णा, आधी दाराचा पडदा ओढा."

पडदा ओढला. त्यानं रुमाल सोडला. डोक्यावर कोळशासारखे काळेभोर केस, आणि ओठावर महिनाभर वाढवलेली मिशी. ट्यूबलाइटखाली ती मळकट दिसली. मी पडद्याची कड जरा बाजूला केली आणि उन्हाची तिरीप तिच्यावर घेतली. तांब्याची तार! घासून ठेवलेल्या हंड्यासारखी लखलखली ती.

"मिसरूड फुटल्यापासून घोटत आलोय," तो म्हणाला. "परगावच्या शाळेत एकदा दिसली तर पोरं माकड म्हणायची. आता लगीन ठरलंय. आमच्यात नवरदेवाला मिशी नसली तर कसं दिसतं! बूट पॉलिश लावून पाह्यलं, चहा पिताना उतरलं."

आता खरं तर मला म्हणता आलं असतं, की बाबा, मला ठाऊक नाही. पण ते वाक्य आमच्या घराण्यात कुणी उच्चारलेलं नव्हतं. मी आरशात त्याच्याकडं बघितलं, पीएच्‌डी झाल्यासारखी मान हलवली आणि म्हणालो, "टेम्पो चालवतोस ना? समोरच्या काचेतून ऊन थेट ओठावर येतं. मिशी भाजते."

"मग भुवया काहून भाजत नाय?"

"भुवयांना कपाळाची सावली असते."

त्याला पटलं. खरं सांगतो, मलाही पटलं. कलप कालवला, ब्रशानं केसन् केस काळा केला आणि उरलेला कातडीवरून पुसून घेतला. जाताना त्यानं माझ्या वस्तऱ्यावर हात ठेवला. "अण्णा, हे कुणाला कळायचं नाय. आईला नाय, बायकोला नाय."

"खुर्चीवरचं खुर्चीवर," मी म्हणालो.

त्यानंतर दर दुसऱ्या सोमवारी भाजीचा माल उतरवून तो यायचा. पडदा, कलप, चहा. दाढी तो घरी रोज पहाटे स्वतःच घोटायचा, घरचे उठायच्या आत. लग्नाला मीही गेलो होतो. नवरी गोदा, वेरूळकडची. लेण्यांच्या वाटेवर तिच्या माहेरच्यांचं सीताफळाचं दुकान. लहानपणी तीही टोपली घेऊन बसायची. रावसाहेबाची मिशी त्या मांडवात एवढी काळी दिसत होती, की फोटोग्राफरनं दोनदा कॅमेऱ्याची काच पुसली.

वर्षा-दीड वर्षानं मुलगी झाली. आरोही. पेढे घेऊन आला तेव्हा तोंड मात्र पेढ्याचं नव्हतं.

"अण्णा, पोरीचे केस लाल हायेत."

"जन्मतः असतात भुरके. झडतील."

झडले, आणि पुन्हा उगवले ते आणखी लाल. सहाव्या महिन्यात त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. गोरीपान पोर, नाकावर बारीक ठिपके, आणि डोक्यावर जणू कुणी केशराची चिमूट सोडलेली. डॉक्टरांना दाखवलं होतं. लेकरू ठणठणीत आहे, असं ते म्हणाले होते. पण वस्तीवर डॉक्टरपेक्षा जास्त शिकलेली माणसं असतात.

"बाया बोलायला लागल्या," रावसाहेब खालमानेनं म्हणाला. "वेरूळला गोरे साहेब येतात म्हणं. गोदाचं माहेर तिथलंच म्हणं. आई तर तिच्या हातचं पाणी घेईना झाली."

"आणि तू?"

तो डोळे मिटून मागं टेकला. मिशीला कलप लावून घेत राहिला.

इथं मी माझी दुसरी मोठी विद्वत्ता पाजळली. मी म्हणालो, "कुपोषणानं केस तांबूस होतात, मी ऐकलंय. पोरीला दूध, अंडी चालू करा. तीन महिन्यांत काळी होते की नाही बघ. नाही झाली तर मी मिशी उतरवीन." माझं नाव सांगून त्यानं ते घरी सांगितलं. भागाबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, नातीला अंडी चारली. पोर गुटगुटीत झाली. केस होते तसेच लाल राहिले. आणि मग भागाबाई वस्तीभर म्हणाली, "शहरातल्या अण्णाचा उपाय बी हरला. आता तरी पटलं का?" म्हणजे माझ्या बढाईचा उपयोग झाला तो एवढाच, की गोदाविरुद्ध आणखी एक साक्षीदार उभा राहिला.

ठरलं असं, की अकराव्या महिन्यात बिरोबापुढं जावळ काढायचं. जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर बसतं, म्हणजे मामा येणारच. आणि आलेल्या मामानं जाताना बहीण आणि भाची कायमची घेऊन जायची. जावळ काढायला बोलावणं मला. वस्तीवरचा न्हावी करमाडकडं कंपनीत लागला होता.

त्याच आठवड्यात सर दाढीला आले. हे कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, घरी आजोबा-पणजोबांपासून पंचांग आणि कारकुनी, यांच्या हातात मात्र सूक्ष्मदर्शक. खुर्चीतही शिकवायचे. मी नाव न घेता विचारलं, "सर, काळ्या केसांच्या आईबापाला लाल केसांचं लेकरू होतं का हो?"

"होतं की. विरळा, पण होतं. अण्णा, तुमच्याकडे कलपाच्या दोन डब्या आहेत असं समजा. एक काळी, एक तांबडी. केसाच्या मुळाशी रंगाचा कारखाना असतो, त्यात या दोन्ही डब्या असतात. आणि एक कळ असते. ती नीट दाबली गेली की काळी डबी उघडते. ती बिघडली की कारखाना तांबड्यावरच चालतो."

"मग कळ बिघडते कशानं? उन्हानं?"

"उन्हाचा काय संबंध! जन्मतःच. प्रत्येकाला दोन कळा मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, केस काळेच राहतात. माणसाला पत्ताही नसतो. पण अशी दोन माणसं एकत्र आली आणि लेकराच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच आल्या, तर लाल. म्हणजे एकट्या आईकडून ते येतच नाही. दोघांकडून यावं लागतं."

मी त्यांच्या हनुवटीखाली होतो. वस्तरा थांबला.

"आणि सर, एकच कळ बिघडलेली असली तर काहीच दिसत नाही?"

"कधी कधी दिसतं. डोकं काळं आणि दाढी-मिशी मात्र तांबूस, अशी माणसं असतात. अण्णा, वस्तरा पुढे न्या किंवा मागे घ्या. तिथंच ठेवू नका."

एवढ्या वर्षांत माझ्या हातून कुणाला कापलं गेलं नव्हतं. त्या दिवशी सरांना कापलं. तुरटी लावताना माझ्या डोळ्यांपुढं तो पडदा होता. दर दुसऱ्या सोमवारी, लग्नाच्या आधीपासून, मी माझ्या हातानं ब्रश घेऊन एका बाईची साक्ष काळी करत होतो.

मी सरांना सगळं सांगितलं नाही, पण अर्धं त्यांनी ओळखलं असावं. ते म्हणाले, "हा काही पुरावा नव्हे हं. पुरावा हवा तर तपासणी असते, लाळेवरून सुद्धा होते." मी म्हटलं, "सर, तपासणी मागितली की बाई अर्धी दोषी झाली. निकाल काही येवो." सरांनी तुरटीची जागा बोटानं दाबली. उठताना म्हणाले, "त्या लेकराला उन्हात उघडं ठेवू नका म्हणावं. अशी कातडी लवकर भाजते."

सोमवारी रावसाहेब आला. मी कलप कालवला नाही. त्याला बसवून ठेवायला दाढीचा फेस लावला, अर्धी दाढी केली आणि डब्यांची, कळांची सगळी गोष्ट त्याला सांगितली. आणि म्हणालो, "उन्हाची गोष्ट मी ठोकून दिली होती. मला ठाऊक नव्हतं. पोरगी तुझ्या मिशीवर गेलीय. शपथ तू मला घातलीयस, तेव्हा मी बोलणार नाही. तू बोल."

तो आरशात बघत राहिला. मग आवाज चढला. "म्हंजी पोरगी अशी माझ्यामुळं? इतके दिवस तुम्ही मला भाजली भाजली म्हणून सांगता, अन् आता म्हणता ती माझीच खोड हाय?"

"खोड नाही रे, रंग आहे."

"तुमाला एक तरी गोष्ट खरी म्हाईत हाय का, अण्णा?"

आणि अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून तो उठला. शहागंजात भर बाजारातून तसाच टेम्पोपर्यंत गेला. त्यानंतरचा सोमवार रिकामा गेला. मी फोन केले, लागले नाहीत. त्याचा तो प्रश्न रात्री मला झोपू देईना. मला, म्हणजे ज्याला मारुतीच्या शेपटीची लांबीही तोंडपाठ आहे, त्याला!

जावळाच्या दिवशी मी पिशवीत सामान घेऊन बसनं निघालो. तिथं आपण तोंड उघडायचं की नाही, हे मी वाटेत तीनदा ठरवलं आणि चारदा मोडलं. शपथ मोडली तर उद्या माझ्या खुर्चीत कुणी डोळे मिटणार नाही. नाही मोडली तर ती पोर बापाच्या घरातून जाणार.

बिरोबाच्या माळावर पंधरा-वीस माणसं. बाभळीखाली मामाची मोटारसायकल, आणि तिच्या मागच्या सीटवर दोरीनं आवळलेलं गोदाचं गाठोडं. गोदा पोरीला पदराआड घेऊन एकटी बसलेली. भागाबाई समोर, चेहरा दगडी. रावसाहेबाचा पत्ता नाही. तीन आठवडे झाले, चुलतभावाच्या मेंढरांत जाऊन राहिलाय म्हणाले.

"बसा अण्णा, उरका," भागाबाई म्हणाली. "यांना अंधारायच्या आत वेरूळ गाठायचंय."

मी वस्तरा काढला आणि चामड्याच्या पट्ट्यावर धार लावायला लागलो. लावतच राहिलो. मध्येच पाणी कोमट मागितलं. ते गार आहे म्हणून परत पाठवलं. गरम आलं तर गार मागितलं. महिन्याच्या पासवाल्या गिऱ्हाईकाची गोष्ट सांगितली, कुणी हसलं नाही. धार एवढी झाली, की वस्तऱ्यापुढून माशी गेली ती दोन होऊन गेली.

"अण्णा, लेकराचं जावळ काढायचंय का बोकड कापायचाय?" मामा वैतागून म्हणाला.

त्याच वेळी माळाच्या वरच्या अंगानं एक माणूस उतरताना दिसला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. जवळ येईपर्यंत कुणी ओळखलं नाही. दुपारचं ऊन समोरून त्याच्या तोंडावर पडलं होतं, आणि तीन आठवड्यांची दाढी तोंडभर पेटल्यासारखी दिसत होती. मिशीची टोकं अजून माझ्या कलपाची काळी, आणि मुळं तांब्याची. मी कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना उंबऱ्यावर उन्हात नेलं. हा स्वतःच्या पायांनी आला.

रावसाहेबानं घोंगडी आणि काठी बाजूला ठेवली. माझ्यापुढं मांडी घालून बसला. "आधी माझी दाढी करा. मग पोरीचं. एकाच कपड्यात पडू द्या."

जावळ झेलायला पोरीची एक चुलत आत्या पांढरं फडकं धरून बसली होती. त्यातच मी त्याची दाढी उतरवली. मिशीला हात लावायला गेलो तर त्यानं माझं मनगट धरलं. "ती राहू द्या. काळं तेवढं कातरा." मग आरोही मामाच्या मांडीवर आली. एवढी धार लावलेला वस्तरा मी तिच्या टाळूवरून मोरपीस फिरवावं तसा फिरवला. ती रडलीसुद्धा नाही, माझ्या चष्म्याला हात घालत राहिली. बापाचे राठ केस आणि लेकीचं रेशमी जावळ एकमेकांत मिसळून फडक्यावर पडलं. वेगळं काढा म्हटलं असतं तर मला काढता आलं नसतं. आणि हे मी, भोवरे ओळखणारा, सांगतो आहे.

डब्यांची आणि कळांची गोष्ट मग रावसाहेबानंच सांगितली, त्याच्या भाषेत. "काळ्या मेंढीला तांबडं कोकरू व्हतं तवा आपण मेंढीला हाकलून देतो का? काळ्याच नराच्या पोटात बी तो रंग असतो, हे तर आपल्याला म्हाईत हाय की."

मेंढरांचं उदाहरण त्या माणसांना सरांपेक्षा लवकर कळलं. भागाबाई उठली, फडक्यातले केस चिमटीत घेतले, उन्हात धरले.

"माझ्या बापाची दाढी अशीच व्हती," ती हळू म्हणाली. "आमी म्हणायचो म्हातारा मेंदी लावतो." मग केस फडक्यात परत ठेवत म्हणाली, "बाजारातून मेंदी आणताना मात्र त्याला कवा पाह्यलं नव्हतं."

माफी वगैरे तिनं मागितली नाही. मोटारसायकलपाशी गेली, दोरी सोडली आणि गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन घराच्या वाटेला लागली. चार पावलांवर वळून गोदाला म्हणाली, "लेकराला ऊन लागतंय की. टोपडं घाल." माझा सरांचा निरोप सांगायचा राहून गेला, तिनंच सांगितला.

मला वाटलं, आता माझा सत्कार होईल. टॉवेल-नारळ मिळालं. हात धुवायला मी कडेला गेलो, तर तांब्या घेऊन गोदा आली. लग्नापासून मी तिचा आवाज ऐकला नव्हता. पाणी ओतता ओतता तिनं विचारलं,

"अण्णा, त्यांची मिशी तांबडी हाय, हे तुमाला कवापासून म्हाईत व्हतं?"

"लग्नाच्या आधीपासून."

तिनं मान हलवली. पाणी ओतणं थांबवलं नाही. "मला नव्हतं म्हाईत," ती म्हणाली.

एवढंच. रागानं नाही. पण इतकी वर्षं ज्या नियमाचा मी गर्व बाळगला, त्याचं मोल हिनं भरलं होतं. हात धुऊन झाले तरी मी ते पाण्याखाली धरून उभा होतो.

या गोष्टीत मी काय काय फुगवून सांगितलंय ते तुम्ही ओळखलंच असेल. पास, माशी, वगैरे. गोदाचा प्रश्न तेवढा जसाच्या तसा आहे.

परवा ती दुकानात आली होती, आरोहीला घेऊन. पोरगी आता शाळेत जाते. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून पुतण्यानं तिला वर बसवलं. पाठीवर लाल वेणी, डोक्यावर मोठ्या काठाची टोपी. ती काढली तसं दुकान उजळलं. बाकावरून मी ओरडलो, "टोकंच काप रे, जास्त नको!"

"काळे करू नका हां," आरोहीनं पुतण्याला बजावलं.

मी गोदाला विचारलं, "रावसाहेब फिरकला नाही कधी. अजून रागावलाय का माझ्यावर? मिशी कुठं कातरून घेतो?"

गोदा आरशात लेकीकडं बघत होती. तिथूनच म्हणाली, "घरीच. मी कातरते."

धंद्यात एक गिऱ्हाईक तुटलं की न्हाव्याला आठवडाभर झोप लागत नाही. त्या दिवशी मी बाकावर बसल्या बसल्याच घोरायला लागलो, असं पुतण्या सांगतो. तो फार वाढवून सांगतो.